नोटबंदीच्या वर्षी जीडीपी इतका वाढलेला कसा दिसतो?

कृष्णाकाठ

भारताच्या जीडीपीच्या तक्त्यात एक ओळ अशी आहे, की पदवीच्या वर्गात ती फळ्यावर लिहिली की मुलं लिहायची थांबतात. वर्ष २०१६-१७. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या नोटांपैकी किमतीने ८६ टक्के नोटा बाद झाल्या. पुढे कित्येक आठवडे देशभर रोखीची चणचण होती. आणि २०११-१२ पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत त्या वर्षाची वाढ आहे ८.३ टक्के. २०११-१२ नंतरच्या कोविडपूर्व वर्षांतली ही सगळ्यात मोठी वाढ.

आकडा पहिल्यापासून एवढा नव्हता. सुरुवातीला ७.१ टक्के जाहीर झाला, जानेवारी २०१८ च्या सुधारणेतही तो ७.१ च राहिला. जानेवारी २०१९ मध्ये ८.२ झाला, त्यानंतरच्या वर्षी ८.३. म्हणजे जसजशी जास्त माहिती हाती येत गेली तसतसा धक्का उठून दिसायच्या ऐवजी पुसला गेला.

मुलं विचारतात, मॅडम, मग हा आकडा खोटा का? मी ठामपणे नाही म्हणते. सांख्यिकी मंत्रालयातली माणसं ठरलेल्या पद्धतीने काम करतात आणि ती पद्धत छापील स्वरूपात कुणालाही वाचायला मिळते. अडचण त्या पद्धतीतच आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय कुठल्याही धक्क्यानंतरच्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

देशाचं उत्पन्न तुकड्या-तुकड्यांनी जुळवतात. कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए-२१ या साठ्यात येतात. कारखान्यांसाठी उद्योगांची वार्षिक पाहणी असते. सरकारचा खर्च अंदाजपत्रकातून कळतो. पिकांसाठी पीक कापणी प्रयोग होतात. राहतात त्या ओट्यावरची शिलाई मशीन, चार मागांची शेड, भाजीची गाडी, टपरी, गॅरेज. यांचा ताळेबंद नसतो, बऱ्याचदा वहीसुद्धा नसते. आणि हे काही शेपटाएवढं क्षेत्र नाही. राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या सरकारी हिशोबात, ज्याला घरगुती क्षेत्र म्हणतात, त्याचा वाटा एकूण मूल्यवर्धनात (विक्रीतून कच्च्या मालाचा खर्च वजा जाता उरतं त्यात) सुमारे ४५ टक्के आहे (शेती धरून).

शेतीबाहेरच्या या भागासाठी २०११-१२ च्या मालिकेत काय करायचे? कधीतरी एकदा मोठी पाहणी होते. तीतून एका कामगारामागे किती मूल्यवर्धन होतं ते काढतात, त्याला कामगारांच्या संख्येने गुणतात आणि पायाभूत वर्षाचा आकडा तयार होतो. २०११-१२ च्या मालिकेसाठी २०१०-११ ची असंघटित उद्योगांची पाहणी आणि २०११-१२ ची रोजगार पाहणी वापरली गेली. पुढच्या वर्षांत हा आकडा दर्शकांच्या आधाराने पुढे सरकवत नेला. औद्योगिक उत्पादन निर्देशांक, विक्रीकराचं संकलन, असे दर्शक. आता यातले बहुतेक दर्शक संघटित क्षेत्राच्याच हालचाली दाखवतात.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत दुसऱ्याच पातेल्यातलं असेल तर?

एरवी दोन्ही पातेली साधारण एकाच आचेवर असतात म्हणून ही पद्धत चालून जाते. नोटबंदीसारखा धक्का मात्र रोखीवर जगणाऱ्यालाच बसला, आणि त्याचं गिऱ्हाईक कार्ड घेणाऱ्या दुकानाकडे गेलं. मोठ्या दुकानाची विक्री वाढली की पद्धत असं धरते की टपरीचीही तेवढीच वाढली असणार. ज्याचं नुकसान झालं त्याच्याच खात्यावर वाढ लिहिली जाते.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात छोट्या उद्योगात असाल तर नक्की काय बंद पडलं आणि किती काळ, ते लिहा. मला वर्गात सांगायला खरे दाखले हवे आहेत.

पिकावर_मजुरी

ताई, मी इचलकरंजीचा. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, आणि मजुरी पिकाच्या, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या, हिशोबाने. नोटबंदीचं आमच्या शेडमधलं सांगतो.

यंत्रमागात पगार आठवड्याचा आणि तेव्हा सगळा रोख. माग चालवणारा, जॉबर, वहिफणीवाला, कांड्या भरणाऱ्या बायका, सगळ्यांचा. पहिल्या आठवड्यात व्यापाऱ्याने जुन्याच नोटा पुढे केल्या. आम्ही त्याच कामगारांना दिल्या, कारण दुसरं काही हातात नव्हतं. त्या बदलायला माणूस बँकेच्या रांगेत उभा, म्हणजे त्या दिवशीची पाळी बुडाली. पुढच्या आठवड्यात व्यापारी म्हणाला, कापड उचलत नाही, पुढून पैसे येत नाहीत. भीम (ताण्याच्या धाग्यांचे रूळ) उतरले ते तसेच पडून राहिले. रात्रपाळी बंद केली. परप्रांतातले कामगार गावी गेले, त्यातले सगळे परत आले नाहीत.

आता तुम्ही म्हणता तसं बघितलं तर आमचं काय मोजलं गेलं? जीएसटी तेव्हा नव्हता. मी कंपनी नाही, कारखाना कायद्याखाली माझी नोंद नाही. वीजबिल मात्र येतं. यंत्रमागाला वेगळा वीजदर आहे, मीटर वेगळा आहे. त्या महिन्यांची युनिट्स काढली असती तर धक्का किती बसला ते एका दिवसात कळलं असतं. हे कुणी का वापरत नाही?

मंगळवार_पेठ

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. मी कर सल्लागार आहे. नोटबंदीनंतर आणि नंतर जीएसटी आल्यावर माझ्याकडे नोंदणीसाठी येणारे छोटे व्यावसायिक वाढले. जे आधी कागदावर नव्हते ते कागदावर आले. कंपन्यांची विक्री वाढलेली दिसते ती खोटी नाही, माल खरोखर विकला गेला. टपरीचं गिऱ्हाईक मॉलमध्ये गेलं असेल तर देशाच्या बेरजेत फरक काय पडला? एकाचं गेलं, दुसऱ्याला मिळालं. वाटणीचा प्रश्न आहे, मोजणीचा नाही.

आणखी एक. २०१९ मध्ये केंद्राचे माजी मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी लिहिलं की २०११-१२ ते २०१६-१७ या काळातली वाढ ७ टक्के नव्हे, साडेचार टक्क्यांच्या आसपास असावी. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने त्याला सविस्तर उत्तर दिलं. त्यामुळे ‘आकडे फुगवलेत’ हा निकाल लागलेला खटला नाही.

कृष्णाकाठ

मंगळवार पेठ, तुमचा पहिला मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून आकडे घेऊन उत्तर देते. हे आकडे मी उदाहरणासाठी बनवलेत.

समजा एकूण १००. त्यातले संघटित ५५, असंघटित ४५. धक्क्याच्या वर्षात संघटित ८ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे ४.४ ची भर. असंघटित ४ टक्क्यांनी घटलं, म्हणजे १.८ ची घट. खरी बेरीज १०२.६, वाढ २.६ टक्के. आता असंघटित भाग वेगळा मोजलाच नाही आणि संघटितचा ८ टक्क्यांचा दर त्यालाही लावला, तर बेरीज १०८. गिऱ्हाईक इकडून तिकडे गेलं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण हिशोबात ते तिकडे जमा झालं आणि इकडून वजा झालं नाही. म्हणून हा वाटणीबरोबरच मोजणीचाही प्रश्न आहे.

प्रत्यक्षात सगळेच दर्शक इतके एकांगी नसतात, त्यामुळे फरक इतका मोठा असेल असं मी म्हणत नाही. सुब्रमण्यन यांचा अडीच टक्क्यांचा फरकही मी जसाच्या तसा घेत नाही. त्यांनी निर्यात, आयात, कर्ज, वाहनविक्री असे सतरा दर्शक तपासले, आणि त्यातल्या मोजक्या दर्शकांचं इतर देशांत जीडीपीशी जे नातं दिसतं ते भारताला लावलं. सेवा क्षेत्र मोठं असलेल्या देशाला ते नातं किती लागू पडतं, हा खरा आक्षेप आहे. पण नोटबंदीच्या वर्षाबद्दलची माझी शंका त्यांच्या निबंधावर उभी नाही. ती सरळ पद्धतीतून निघते.

पिकावर मजुरी, वीज युनिट्सबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटलं. अनेक अभ्यासक विजेचा वापर, डिझेलची विक्री, अगदी उपग्रहातून दिसणारे रात्रीचे दिवेसुद्धा वापरतात. राष्ट्रीय लेख्यांत ते त्या पद्धतीने बसवलेले नाहीत, एवढंच.

नमुना_पाहणी

मी जिल्हा सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालो. पाहणीवर जाणाऱ्या माणसाला काय दिसतं ते लिहितो, कारण वरचा सगळा वाद शेवटी त्या एका तक्त्यावर येऊन थांबतो.

असंघटित उद्योगांच्या पाहणीत गाव किंवा शहरी गट ठरवून दिलेला असतो. आधी घरोघर फिरून यादी करायची: कुठे काय व्यवसाय आहे, कुणी घरात पापड लाटतं, कुणी मागच्या खोलीत बॅगा शिवतं. बाहेर पाटी नसते. यादीतून नमुना निवडायचा आणि त्या माणसासमोर तक्ता उघडून बसायचं. गेल्या महिन्यात विक्री किती, कच्चा माल किती, वीज, भाडं, कामगार, त्यातले घरचे किती आणि पगारी किती.

पहिलं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच: ‘धंदा काही नाही हो साहेब.’ समोरचा आपल्याला करवाला समजतो. चहा होतो, ओळख निघते, मग आकडे यायला लागतात. शिंपीकाम करणाऱ्या बाईंना महिन्याचा धागा किती लागतो विचारलं तर सांगता येत नाही. रीळ कितीला आणि आठवड्याला किती रिळं लागतात, असं विचारलं की लगेच बरोबर सांगतात. हे काम घाईत होत नाही. आणि जे दुकान बंद पडलं ते यादीत येतच नाही, कारण आपण चालू असलेल्याचीच यादी करतो. धक्क्यानंतरच्या वर्षी पाहणी केली तरी जे उरले त्यांचंच सरासरी उत्पन्न हाती येतं. मेलेल्या धंद्याची नोंद फक्त उद्योगांच्या एकूण संख्येत सापडते. म्हणून ती संख्या दरवर्षी मोजली गेली पाहिजे.

२०१०-११ नंतर पुढची पाहणी २०१५-१६ ला, नोटबंदीच्या अगदी आधी. त्यानंतर थेट २०२१-२२. मधल्या पाच-सहा वर्षांत नोटबंदी, जीएसटी, कोविड असे तीन धक्के. आता ही पाहणी दरवर्षी होऊ लागली आहे आणि मला त्याचं फार समाधान आहे.

एक सांगतो. १९४९ ला केंद्राने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली तेव्हा अध्यक्ष महालनोबिस, आणि सदस्य दोनच: व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. १९५१ च्या पहिल्या अहवालात १९४८-४९ चं उत्पन्न त्यांनी ८,७१० कोटी रुपये काढलं, दरडोई २५५ रुपये. संगणक नाही, दळणवळण बेताचं, आणि तरी लहान उद्योगांत एका माणसामागे उत्पन्न किती हे शोधायला त्यांनी जिवापाड कष्ट घेतले. अडचण तेव्हाही हीच होती.

मुग्धा_डब्लिन

नमुना पाहणी काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी राहते त्या आयर्लंडमध्ये याच्या अगदी उलट बाजूने घोटाळा झाला. २०१५ ची वाढ २६.३ टक्के, असं जुलै २०१६ मध्ये जाहीर झालं. एका वर्षात! रस्त्यावर काही बदललं नव्हतं. झालं होतं ते असं: काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा, पेटंट वगैरे, कागदोपत्री आयर्लंडमध्ये आणली. त्या मालमत्तेवर जगभरात होणारी कमाई आयर्लंडच्या जीडीपीत जमा होऊ लागली. भाड्याने द्यायची विमानं ज्या कंपन्यांच्या मालकीची, त्यांच्यामुळेही भर पडली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी यावर केलेली टिप्पणी जगभर गाजली.

इथल्या सांख्यिकी कार्यालयाने पुढे जे केलं ते मला फार आवडतं. मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखाली गट बसवला आणि २०१७ पासून ‘सुधारित राष्ट्रीय उत्पन्न’ हा वेगळा आकडा प्रसिद्ध करायला सुरुवात केली. बाहेरून आलेल्या बौद्धिक संपदेचा आणि भाड्याच्या विमानांचा घसारा, आणि इथे फक्त मुख्यालय असलेल्या कंपन्यांचा नफा, तो त्यातून काढून टाकतात. २०२३ चा जीडीपी ५०० अब्ज युरोंच्या वर, आणि सुधारित आकडा ३०० अब्जांच्याही खाली. देशाचं कर्ज उत्पन्नाच्या किती टक्के, हे इथले जाणकार आता या दुसऱ्या आकड्यावर मोजतात, कारण पहिल्यावर मोजलं तर कर्ज अगदीच किरकोळ वाटतं.

भारतात असा दुसरा आकडा काढता येणार नाही का? ‘असंघटित क्षेत्र स्वतंत्रपणे मोजलेला जीडीपी’ असा?

गणित_मास्तर

मुग्धा, उत्तम माहिती. मी एक वेगळाच धागा ओढतो, तो म्हणजे महागाई वजा करण्याचा.

एप्रिल-जून २०२३ ची तिमाही काढून बघा. चालू किमतींनी (महागाई धरून) वाढ ८.०, स्थिर किमतींनी (महागाई वजा करून) ७.८. म्हणजे त्या तिमाहीत देशात महागाई ०.२ टक्के! त्याच काळात ग्राहक किमतींची महागाई साडेचार टक्क्यांच्या वर होती. कारण असं, की २०११-१२ च्या मालिकेत मूल्यवर्धनातून महागाई काढताना घाऊक किमतींचा निर्देशांक मोठ्या प्रमाणावर वापरला गेला, आणि त्याची वाढ तेव्हा शून्याच्या खाली होती.

त्याहून खोल गोम आहे. फरसाणवाल्याचं उदाहरण घ्या. विक्री १००, तेल-बेसन वगैरे ७०, मूल्यवर्धन ३०. पुढच्या वर्षी तेवढंच फरसाण, त्याच भावाने विकलं, पण तेल स्वस्त झालं म्हणून कच्चा माल ६०. मूल्यवर्धन ४०. फरसाण एक किलोही जास्त झालं नाही, म्हणून खरी वाढ शून्य. ती शून्य दिसायला हवी असेल तर विक्रीला फरसाणाचा भाव आणि कच्च्या मालाला तेलाचा भाव असे दोन वेगळे भागाकार करावे लागतात. २०११-१२ च्या मालिकेत कारखानदारीसाठी एकच भागाकार आहे. मग ३० चे ४० झाले हीच वाढ धरली जाते. उलट तेल महागलं की वाढ असायला हवी त्यापेक्षा कमी दिसते. म्हणजे कच्च्या तेलाच्या भावाचा धक्का बसला की आकडा दोन्ही दिशांना चुकू शकतो.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०२५ च्या आढाव्यात भारताच्या राष्ट्रीय लेख्यांना ‘क’ श्रेणी दिली, त्यामागच्या कारणांत जुनं पायाभूत वर्ष आहे, घाऊक किमतींचा असा वापर आहे, आणि उत्पादनाच्या व खर्चाच्या बाजूने काढलेल्या आकड्यांत पडणारी तफावतही आहे. नव्या मालिकेसाठी २०२२-२३ हे पायाभूत वर्ष ठरलं, आणि दुहेरी भागाकाराकडे जायची दिशाही ठरली. मुग्धाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे: असंघटित क्षेत्राची वार्षिक पाहणी थेट लेख्यांत आली की वेगळ्या आकड्याची गरज बरीच कमी होईल.

जुना_फोर्टकर

मोजण्याबद्दल सगळे लिहीत आहेत, मी सावरण्याबद्दल लिहितो. १९९१ ला मी फोर्टमधल्या एका बँकेत परकीय चलन विभागात होतो.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं. तेल महागलं, आखातातून आपली माणसं विमानांनी परत आणावी लागली, त्यांनी पाठवायचे पैसे थांबले. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. जानेवारी १९९१ ला परकीय चलन सव्वा अब्ज डॉलरच्या आत आलं. आमच्या टेबलावर याचा अर्थ असा, की आयातदार एलसी (परदेशी विक्रेत्याला पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र) उघडायला आला की त्याच्याकडून रोख मार्जिन घ्यायचं. ते रिझर्व्ह बँकेने वाढवत वाढवत २०० टक्क्यांवर नेलं. १ लाखाचा माल मागवायला २ लाख आधी बँकेत अडकवून ठेवायचे. भांडुप-ठाण्याकडचे छोटे कारखानदार सुट्या भागांसाठी यायचे, आकडा ऐकायचे आणि तसेच परत जायचे. काही जण विनंती करायचे, आमच्या हातात काहीच नव्हतं.

मे मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला गेलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं जवळजवळ ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण म्हणून गेलं, ४० कोटी डॉलरच्या आसपास रकमेसाठी. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं.

आता आकडे पाहा. आयात १९९०-९१ ला २४ अब्ज डॉलर होती, ती १९९१-९२ ला १९.४ अब्जांवर आली. चालू खात्याची तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर. पुस्तकात याला यशस्वी समायोजन म्हणतात आणि ते होतंही. पण ती तूट निर्यात वाढून भरली नाही, निर्यात त्या वर्षी किंचित घटलीच. ती भरली कारखान्यांनी माल न मागवल्यामुळे. औद्योगिक उत्पादनाची वाढ शून्याजवळ आली, एकूण वाढ एक-सव्वा टक्क्यावर. पुढच्याच वर्षी ती पाच टक्क्यांच्या वर गेली, म्हणून ते दिवस आज कुणाच्या लक्षात नाहीत.

मुग्धा, तुमच्या आयर्लंडला २००८ नंतर रुपयासारखं अवमूल्यन करता आलं नाही ना?

मुग्धा_डब्लिन

नाही काका. युरो असल्यामुळे चलन पाडणं हातातच नव्हतं. मग पगार पाडले गेले. सरकारी नोकरांचे पगार कापले, कर वाढले, बेकारी पाच टक्क्यांखालून पंधरा टक्क्यांवर गेली आणि तरुण पोरं ऑस्ट्रेलिया, कॅनडाला निघून गेली. २०१० च्या अखेरीस युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडून साडेसदुसष्ट अब्ज युरोंचं कर्ज घ्यावं लागलं. शेजारच्या आइसलंडचं स्वतःचं चलन होतं, ते निम्म्याच्या आसपास पडलं. तिथे आयात माल महागला आणि सगळ्यांचीच खरेदीची ताकद एकदम घटली, पण नोकऱ्या इतक्या गेल्या नाहीत. मात्र भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून २००८ ला घातलेले निर्बंध उठायला २०१७ उजाडलं.

स्थलांतरामुळे एक गोष्ट बिघडते. माणसं देश सोडून गेली की बेकारीचा दर खाली येतो. वाढ झाली म्हणून आला की माणसं गेली म्हणून, ते दरावरून कळत नाही.

मस्टर_हजेरी

मी सातारा जिल्ह्यात ग्रामरोजगार सेवक आहे. जीडीपीतलं मला फार कळत नाही, पण धक्का आमच्या मस्टरवर (हजेरीपटावर) आधी येतो हे सांगायला लिहितोय.

२०२० च्या मे-जूनमध्ये मुंबई-पुण्याहून माणसं गावी आली. ज्यांनी कधी कुदळ धरली नव्हती, रिक्षा चालवणारे, हॉटेलात काम करणारे, ते जॉबकार्ड मागायला आले. कामं काय, तर विहीर, शेततळं, बांधबंदिस्ती. त्या वर्षी देशभरात रोजगार हमीचे ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले, त्याआधी एवढे कधीच भरले नव्हते. ही नोंद संगणकावर रोजच्या रोज असते. तीन वर्षं थांबून सुधारित आकडा यायची वाट बघावी लागत नाही.

आमचे आजोबा ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होते. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी तेव्हाच राज्यभर आली, १९७७ ला कायदा झाला. आणि पैसा कुठून, तर शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. धक्का बसला की काम आपोआप वाढतं, पाऊस चांगला झाला की आपोआप कमी होतं. कुणाला घोषणा करावी लागत नाही. अर्थात मजुरी वेळेवर मिळाली तर. ती महिना महिना अडकली की माणूस परत मुकादमाकडे उचल घ्यायला जातो.

कृष्णाकाठ

मस्टर हजेरी, ‘जीडीपीतलं मला कळत नाही’ असं म्हणू नका. तुम्ही जे लिहिलंत तेच मला धक्का मोजण्याचं सगळ्यात विश्वासाचं साधन वाटतं.

तुमच्या त्याच तिमाहीचे अधिकृत आकडे देते. एप्रिल-जून २०२० चा पहिला अंदाज: २३.९ टक्के घट. बांधकाम ५० टक्क्यांनी खाली, कारखानदारी ३९ टक्क्यांनी, व्यापार-हॉटेल-वाहतूक ४७ टक्क्यांनी. फक्त शेती ३.४ टक्क्यांनी वर. अख्ख्या वर्षाची घट मे २०२१ मध्ये ७.३ सांगितली गेली, मग ६.६, मग ५.८. इथेही सुधारणा वरच्याच दिशेने, आणि या वेळीही असंघटित क्षेत्राची त्या वर्षाची पाहणी हाती नव्हती. १९७९-८० नंतर देशाचा जीडीपी घटलेला हा पहिलाच प्रसंग, आणि स्वातंत्र्यानंतरची ही सगळ्यात मोठी घट.

पुढच्या वर्षीच्या त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ झाली तेव्हा ‘सावरलो’ असं सगळीकडे छापून आलं. मी मुलांना टक्केवारी झाकून रुपये बघायला लावते. स्थिर किमतींनी २०१९ च्या तिमाहीत ३५.६६ लाख कोटी, २०२० मध्ये २६.९५, २०२१ मध्ये ३२.३८. म्हणजे दोन वर्षांपूर्वीपेक्षा अजून नऊ टक्क्यांनी खालीच.

जुना फोर्टकर काका, १९९१ मध्ये तुमच्या टेबलावरून परत गेलेल्या कारखानदारांबद्दल विचारायचं होतं. त्यांतले सावरले का?

जुना_फोर्टकर

काही सावरले. ज्यांचा माल निर्यात होत होता त्यांना पडलेला रुपया फायद्याचा ठरला, ते मोठे झाले. ज्यांना आयात सुटे भाग लागत होते आणि विक्री देशातच होती, त्यांच्यापैकी बरेच जण पुढे जागा विकून मोकळे झाले. त्या जागांवर नंतर इमारती आल्या.

पिकावर_मजुरी

आमच्याकडेही तेच झालं, फक्त जागेच्या जागी माग विकले. नोटबंदी, जीएसटी, मग लॉकडाऊन, असं एकामागोमाग आलं. साधे माग किलोच्या भावाने भंगारात गेले. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी बिनधोट्याचे माग घेतले. ताई, मला विचारायचंय, चालू स्थितीतला माग भंगारात गेला तर ते जीडीपीत कुठे वजा होतं?

कृष्णाकाठ

कुठेच नाही. जीडीपी ढोबळ असतो, त्यातून यंत्रांची झीज वजा करत नाहीत. झीज वजा केलेलं निव्वळ उत्पन्न वेगळं प्रसिद्ध होतं, पण त्यातही माग खरोखर किती दिवस चालला हे बघत नाहीत. यंत्राचं सरासरी आयुष्य धरून सूत्राने झीज काढतात. वीस वर्षांचा धरलेला माग दहाव्या वर्षी भंगारात गेला तरी सूत्राच्या हिशोबात तो पुढची दहा वर्षं उभाच असतो. उलट त्याच्या जागी देशात बनलेला नवा बिनधोट्याचा माग आला की ती गुंतवणूक म्हणून पूर्ण रक्कम जीडीपीत धरली जाते.

तुमच्या शेडमधल्या वीजबिलांच्या प्रती असतील तर मला हव्या आहेत, २०१५ पासूनच्या. ग्राहक क्रमांक झाकून पाठवा. व्यक्तिगत निरोपात माझा पत्ता देते.